जमिनीचा भाव आणि कर्जाची तारीख

हुबळीहून धारवाडकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना आज एक नवेच पीक उभे दिसते. ते ज्वारीचे नव्हे की कापसाचेही नव्हे. चुना फासलेल्या दगडांचे ते पीक आहे. उणकल, नवलूर, सत्तूर, रायापूर या गावांच्या शिवारांत जेथे एके काळी नांगर फिरत असे, तेथे आता तीस फूट रुंद व चाळीस फूट लांब असे तुकडे पाडलेले आहेत आणि साईट विक्रीचे फलक उभे आहेत.

या दगडांकडे पाहून आपल्या खेड्यांतील कित्येक कुटुंबे मनाशी हिशेब मांडू लागली आहेत. कोणी आखातातून आलेली मुलाची कमाई, कोणी निवृत्तीची रक्कम, कोणी वडिलार्जित शेत विकून आलेला पैसा, तर कोणी निव्वळ कर्ज काढून या दगडांत घालू पाहत आहे. धर्मगुरूकडे घरच्या सुखदुःखांबरोबर हे कागदही येतात, आणि प्रश्न बहुधा एकच असतो : "फादर, भाव वाढेल ना?"

प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तो पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न असा असावयास हवा की, भाव वाढेपर्यंत आपल्याला थांबता येईल काय? या दोन प्रश्नांतील अंतर ज्याला कळले, त्याला या विषयातील बहुतेक सर्व कळले असे म्हणावयास हरकत नाही.

विद्वानांचे परिसंवाद आणि आपले अंगण

व्यवस्थापनशास्त्र शिकविणाऱ्या संस्था आता जगभर या विषयावर परिसंवाद भरवीत असतात. 'अनिश्चित काळात स्थावर मालमत्तेत पैसा गुंतवावा काय' अशा मथळ्याखाली प्राध्यापक, बँकांचे अधिकारी व इमारती बांधणारे उद्योजक एका व्यासपीठावर बसतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने तर या विषयासाठी गेल्या शतकाच्या नवव्या दशकातच स्वतंत्र केंद्र काढले. आपल्या राज्यात बंगळूरला १९७३ पासून भारतीय व्यवस्थापन संस्था आहे, आणि धारवाडला कर्नाटक विद्यापीठाची कौसाळी व्यवस्थापन संस्था आहे. आपली मुलेमुलीही आता अशा संस्थांत शिकू लागली आहेत.

अशा सभांतून तीन शब्द वारंवार कानांवर पडतात : लिव्हरेज, लिक्विडिटी आणि कॅश फ्लो. शब्द परके वाटले तरी त्यांचा अर्थ परका नाही. उसन्या पैशाचा जोर, माल चटकन विकला जाण्याची सोय, आणि दरमहा घरात येणारा व घरातून जाणारा पैसा, एवढाच तो अर्थ आहे. कोणतीही व्यवस्थापन संस्था निघण्यापूर्वी, सुमारे एकशे साठ वर्षांमागे, याच धारवाडच्या मातीतून निघालेल्या संपत्तीने हे तीन धडे सबंध मुंबई इलाख्याला शिकविले. ती हकीकत समजून घेणे कोणत्याही परिसंवादाइतकेच बोधप्रद आहे.

कापसाचे सोने

१८६१ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरे कोंडली आणि इंग्लंडातील लँकेशायर परगण्याच्या गिरण्यांना लागणारा अमेरिकन कापूस अडकून पडला. गिरण्यांचे मालक हिंदुस्थानाकडे धावले. त्यातही धारवाडकडे त्यांचे लक्ष विशेष होते. कारण, अमेरिकन जातीच्या कापसाचे बी येथील काळ्या जमिनीत आधीच रुजविण्यात आले होते; 'धारवाड-अमेरिकन' या नावाने तो कापूस परदेशांत ओळखला जाई, आणि सरकी काढण्याच्या यंत्रांसाठी धारवाडला सरकारी कारखानाही होता. हुबळी ही या मालाची मोठी पेठ. घाट उतरून कारवार बंदरापर्यंत कापूस नेता यावा म्हणून रस्त्यांच्या कामाला त्याच काळात वेग आला.

कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. शेतकऱ्याने कधी पाहिला नव्हता एवढा पैसा त्याच्या हाती आला. बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याच्या कथा त्या काळाविषयी सांगतात. खऱ्या असोत वा रचलेल्या, लोकांच्या मनाची धुंदी त्यांतून कळते.

व्यापाऱ्यांकडे याहून कितीतरी मोठा पैसा साचला, आणि तो मुंबईत एकवटला. एवढ्या पैशाचे करावयाचे काय? नव्या बँका निघाल्या, नव्या कंपन्या निघाल्या, आणि सर्वांत मोठा मोह निघाला तो जमिनीचा. मुंबई हे बेट, जागा अपुरी. तेव्हा समुद्र हटवून जमीन करावी आणि ती विकावी अशी कल्पना पुढे आली. बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या एका भागाला पन्नास हजारांपर्यंत भाव आला. ती जमीन अजून पाण्याखाली होती, हे येथे ध्यानात ठेवावे. प्रेमचंद रायचंद हे त्या काळच्या सटोडियांचे अग्रणी. त्यांचा शब्द बाजारात चालणाऱ्या नाण्यासारखा मानला जाई.

१ जुलै १८६५

या व्यवहारांत बहुतेकांनी पूर्ण पैसे मोजलेले नव्हते. सौदे मुदतीचे होते. म्हणजे भाव आज ठरवावयाचा आणि पैसा ठराविक तारखेला द्यावयाचा. तोपर्यंत भाव वाढलेलाच असेल, तेव्हा वरचेवर नफा घेऊन मोकळे व्हावे, असा प्रत्येकाचा बेत. ज्यांच्याजवळ रोकड नव्हती त्यांना बँका भागांच्या तारणावर कर्ज देत, आणि त्या कर्जातून आणखी भाग घेतले जात.

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. बंदरे मोकळी होणार, अमेरिकन कापूस पुन्हा येणार, या नुसत्या वार्तेने कापसाचे भाव कोसळले. मुदतीच्या असंख्य सौद्यांची तारीख १ जुलै १८६५ ही होती. तो दिवस उजाडला तेव्हा द्यावयास पैसा कोणाजवळच नव्हता. देणेकरी बुडाले, त्यांच्यामागे घेणेकरी बुडाले आणि त्यांच्यामागे बँका. बँक ऑफ बॉम्बेच्या ज्या भागाला २,८५० रुपये आले होते, तो ८७ रुपयांना विकावा लागला. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळून त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली. खुद्द प्रेमचंद रायचंदही या लाटेतून सुटले नाहीत. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्यांच्याच देणगीतून उभा राहिला. त्या वैभवाच्या काळाची तीच मोठी खूण आज शिल्लक आहे.

आता या कथेतील मर्म पाहू. समुद्र हटवून केलेली मुंबईतील जमीन मोलाची ठरेल, हा त्या लोकांचा अंदाज चुकला होता काय? मुळीच नाही. त्याच पश्चिम किनाऱ्यावर पुढे टप्प्याटप्प्याने भर पडत गेली आणि विसाव्या शतकात तेथे मरीन ड्राइव्ह व नरिमन पॉइंट उभे राहिले. देशातील अतिशय महागड्या जागांत आज त्यांची गणना होते. जमिनीविषयीचा अंदाज खरा होता, तरीही माणसे भिकेस लागली. कारण, जमिनीला तारीख नसते, कर्जाला असते. जमीन शंभर वर्षे वाट पाहू शकते. देणेकऱ्याला पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेपलीकडे वाट पाहता येत नाही.

शेतकऱ्याच्या दारी तीच तारीख

हे केवळ मुंबईच्या शेठजींपुरते घडले असते, तर आपल्याला त्याचे एवढे अगत्य नव्हते. परंतु कापसाच्या तेजीत खेड्यांतील सावकारांनीही हात सैल सोडले होते. भाव चढे असता शेतकऱ्याची पत मोठी दिसे, आणि जमीन गहाण ठेवून त्याला सढळपणे कर्ज मिळे. पुढे भाव उतरले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत तर सरकारने शेतसाराही वाढविला होता. सावकारांनी दावे लावले व जमिनी त्यांच्या नावावर जाऊ लागल्या. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला, आणि गावोगाव शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील कर्जरोखे काढून जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारला दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला.

शेतकऱ्याची जमीनही नापीक झाली नव्हती. ती होती तशीच होती. बदलले होते ते पिकाचे दर. आणि कर्जाचा आकडा मात्र तेजीच्या दराने ठरलेला होता.

आजचे जोडशहर

आता आपल्या काळाकडे वळू. १९६२ मध्ये हुबळी व धारवाड यांची मिळून एक महापालिका स्थापन झाली. २००८ मध्ये उच्च न्यायालयाचे फिरते पीठ धारवाडला आले व २०१३ मध्ये ते कायम झाले. २०१६ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली आणि मार्च २०२३ मध्ये तिच्या कायमच्या वास्तूचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी हुबळी स्थानकाच्या १,५०७ मीटर लांबीच्या फलाटाचे लोकार्पण झाले. जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून त्याची नोंद आहे. २०१८ पासून दोन्ही शहरांमध्ये स्वतंत्र मार्गावरून जलद बसगाड्या धावू लागल्या. शिवाय २०२० मध्ये राज्याच्या जमीन सुधारणा कायद्यातील ७९-अ व ७९-ब ही कलमे वगळण्यात आली, आणि जो मुळात शेतकरी नाही त्यालाही शेतजमीन विकत घेण्याची वाट मोकळी झाली.

या सर्व गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांमुळे शहराची वाढ होते हेही खरे. परंतु दलाल हीच यादी आपल्यापुढे वाचून दाखवितो आणि त्यातून भलताच निष्कर्ष काढतो. न्यायालय आले म्हणून पाच कोसांवरील प्रत्येक तुकड्याला गिऱ्हाईक येते असे नाही. बातमीचा भाव विकणाऱ्याने आधीच फलकावर लावलेला असतो; घेणाऱ्याच्या वाट्याला त्यापुढील वाढ तेवढी येते, ती आली तर. शिवाय घर बांधून राहावयाचे म्हटले की पहिली गरज पाण्याची. जोडशहरांना मुख्यतः सौंदत्तीजवळील मलप्रभेच्या धरणातून पाणी येते, आणि नळाला रोज पाणी नसणे हा येथील जुना अनुभव आहे. ज्या साईटला ना नळ, ना गटार, ना पक्का रस्ता, तिचा भाव शहराच्या भावाशी ताडून पाहणे म्हणजे रोपाला झाडाच्या मोलाने विकत घेणे होय.

तीन शब्दांचा हिशेब

परिसंवादांतील ते तीन शब्द आता एका साध्या उदाहरणाने तपासू.

समजा, बारा लाखांची साईट आहे. पदरचे चार लाख व कर्जाचे आठ लाख, अशी जुळणी केली. भाव चौथाईने वाढून पंधरा लाख झाला, तर चार लाखांवर तीन लाख सुटले असे वाटते आणि मनुष्य हरखून जातो. उसन्या पैशाचा जोर तो हाच. पण भाव चौथाईने उतरून नऊ लाखांवर आला, तर कर्ज आठ लाखांचे आठ लाखच राहते, आणि पदरच्या चार लाखांतील एकच लाख उरतो. वर चढताना जो दोर हात देतो, तोच खाली येताना गळ्याभोवती बसतो.

आता व्याज पाहा. आठ लाखांवर शेकडा दहाने वर्षाला ऐंशी हजार. मुद्दलाला हात न लावता नुसते व्याज भरले तरी पाच वर्षांत चार लाख गेले. म्हणजे पाच वर्षांनी ती साईट सोळा लाखांना विकली गेली, तरी व्याज भागून हाती आपलेच चार लाख परत येतात. मुद्रांक, नोंदणी व दलाली यांचा खर्च तर निराळाच. 'बाराचे सोळा झाले' म्हणून जो गावभर पेढे वाटतो, त्याने पदरची मूठ झाकून ठेवलेली असते.

दुसरा शब्द विकण्याच्या सोयीचा. सोन्याची बांगडी एका दुपारी मोडता येते. साईटला मात्र गिऱ्हाईक मिळावे लागते, कागद तपासावे लागतात, सर्व वारसांच्या सह्या व्हाव्या लागतात. घरात आजारपण आले तर जमिनीचा कोपरा कापून औषध आणता येत नाही. ज्याला निकड आहे त्याची निकड बाजाराला तात्काळ कळते, आणि मग भाव घेणारा ठरवितो.

तिसरा शब्द आवक-जावकीचा. शेत वर्षाला पीक देते, भाड्याचे घर दरमहा भाडे देते. रिकामी साईट काहीच देत नाही, उलट कर मागते. तेव्हा तिच्या कर्जाचा हप्ता पगारातून किंवा परदेशी कमाईतून जावयाचा असतो. येथे एक फसवा भाग आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. ज्या संकटाने जमिनीचे भाव उतरतात, त्याच संकटाने पुष्कळदा नोकरीही जाते. २००८ मध्ये अमेरिकेत घरांच्या कर्जांपासून सुरू झालेले अरिष्ट जगभर पसरले, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये दुबई वर्ल्ड या तेथील सरकारी कंपनीने आपल्या धनकोंकडे मुदत वाढवून मागितली. इमारती अर्धवट राहिल्या आणि त्यांवर राबणारे कामगार मायदेशी परतले. आखातातील पगारावर गावाकडे कर्ज काढलेल्या घरांना त्या वर्षी दोन्ही बाजूंनी मार बसला. २०२० च्या साथीत रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट असे सहा महिने हप्ते लांबविण्याची सवलत दिली. परंतु हप्ता थांबला तरी व्याज थांबले नव्हते.

व्याजाचा दरही स्थिर नसतो

घरासाठी मिळणारी बहुतेक कर्जे आज बदलत्या दराची असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने आपला मूळ दर शेकडा ४ वरून ६.५ वर नेला. पुढे २०२५ मध्ये तो पुन्हा उतरविला. या चढउताराचा घरावर काय परिणाम होतो, ते आकड्यांनीच पाहावे.

तीस लाखांचे कर्ज, वीस वर्षांची मुदत आणि शेकडा ७ दर असेल, तर मासिक हप्ता सुमारे २३,२५९ रुपये पडतो. दर शेकडा ९.५ झाला की तोच हप्ता सुमारे २७,९६४ रुपये होतो. दरमहा ४,७०५ रुपये अधिक. हप्ता वाढवू नका, मुदत वाढवा, असे म्हणावे तर नव्या दराने पहिल्या महिन्याचे नुसते व्याजच २३,७५० रुपये होते. जुना हप्ता व्याजालाही पुरत नाही, मग मुद्दल फिटणार कसे? ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना असा आदेश दिला की, दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, की दोन्ही, याची निवड ऋणकोला द्यावी. ही निवड मागून घेणे हा आपला हक्क आहे. तसेच कर्ज घेण्यापूर्वी, 'दर अडीच टक्क्यांनी वाढला तर माझा हप्ता किती?' हे बँकेकडून लेखी घ्यावे, आणि तो आकडा घरात सर्वांसमोर वाचावा.

कागद आधी, विसार नंतर

भावाचा अंदाज चुकला तर थांबून निभावता येते. कागद खोटे निघाले तर थांबूनही काही हाती येत नाही. म्हणून विसार देण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट, जमीन बिनशेती झाली आहे काय? शेतजमिनीचेच तुकडे पाडून विकलेल्या जागेला 'रेव्हेन्यू साईट' म्हणतात. ती स्वस्त असते, कारण तिच्यावर घर बांधण्याची कायदेशीर परवानगी नसते. अमुक गुंठ्यांत आपला एक गुंठा, असा तोंडी हिस्सा घेणे तर त्याहून धोक्याचे.

दुसरी, पहाणीपत्रक, म्हणजे ज्याला आपण अजून उतारा म्हणतो, ते कोणाच्या नावावर आहे? जमिनीवर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे काय? उपनिबंधकाच्या कचेरीतून मागील तीस वर्षांचा बोजाचा दाखला काढावा. शहर हद्दीतील जागेचा ई-खाता पाहावा.

तिसरी, सरकारने अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना दिलेली ती जमीन तर नव्हे? अशी जमीन सरकारच्या परवानगीवाचून विकता येत नाही, असा राज्याचा १९७८ चा कायदा आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला आहे. गरिबाचा हक्क बुडवून घेतलेल्या जागेवर उभारलेले घर कायद्यापुढेही टिकत नाही.

चौथी, केवळ मुखत्यारपत्रावर जमीन घेऊ नये. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. नोंदलेले खरेदीखत हाच मालकीचा मार्ग. विकणाऱ्याच्या बहिणी व मुली यांच्याही सह्या आहेत की नाहीत, हे अवश्य पाहावे.

पाचवी, प्रकल्प रेरा कायद्याखाली नोंदलेला आहे काय? २०१६ च्या या कायद्याप्रमाणे पाचशे चौरस मीटरांहून मोठ्या किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय विक्रीची जाहिरातही करता येत नाही. नोंदलेला करार केल्याखेरीज किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला मागता येत नाही. गिऱ्हाइकांकडून घेतलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात मोठा दोष निघाला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो.

बांधकामाची परवानगी व मजबुती ही केवळ कागदाची बाब नव्हे. १९ मार्च २०१९ रोजी धारवाडच्या कुमारेश्वर नगरात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि १९ माणसे दगावली. भाव पाहणाऱ्याने भिंतही पाहावी.

विकणाऱ्यांसाठी दोन शब्द

आतापर्यंतचे बोलणे घेणाऱ्यांसाठी झाले. परंतु आपल्यांतील कित्येक कुटुंबे विकणारी आहेत. त्यांचा प्रश्न निराळा. पिढ्यांनी राखलेली जमीन एका सहीने जाते आणि तिच्या जागी पासबुकातील आकडा येतो. तो आकडा सांभाळणे शेत सांभाळण्याहून कठीण असते. कारण, शेताला कुंपण घालता येते. पैशाला पाहुणे फार.

बँकेतील ठेवींना ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. परंतु पतसंस्था व सौहार्द संस्था या बँका नव्हेत. त्यांच्या ठेवींना हा विमा नाही. दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी सारी रक्कम एकाच ठिकाणी ठेवणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना स्वतःचेच पैसे ठराविक मर्यादेपलीकडे काढण्याची बंदी झाली होती.

हे सहकाराच्या विरुद्ध बोलणे नव्हे. देशातील पहिली कृषिपत सहकारी संस्था १९०५ मध्ये निघाली ती कणगिनहाळ येथे, जो गाव तेव्हा धारवाड जिल्ह्यात होता व आज गदग जिल्ह्यात आहे. सिद्धनगौडा पाटील हे तिचे संस्थापक. १८७५ चे दंगे ज्या सावकारीतून उसळले, तिच्यावरचा हा शांत उतारा होता. त्या व्यवस्थेचे बळ याच्यात होते की, कर्ज कशासाठी घेतले जात आहे हे शेजाऱ्याला ठाऊक असे, आणि पीक केव्हा येणार ते पाहून फेडीची तारीख ठरविता येई. आजही पतसंस्था निवडताना तिचे संचालक कोण, त्यांनी कर्जे कोणाला दिली आणि हिशेबतपासणी वेळेवर होते की नाही, हे विचारण्याचा अधिकार सभासदाला आहे.

परिसंवादांतून आणखी एक नवा मार्ग सुचविला जातो, तो रीटचा. मोठमोठ्या कचेऱ्यांच्या इमारतींत थोड्या रकमेने भागीदार होण्याची ती व्यवस्था. भारतातील पहिला रीट, बंगळूरच्या एम्बसी समूहाचा, १ एप्रिल २०१९ रोजी शेअरबाजारात आला. वाटपास योग्य अशा रकमेपैकी निदान नव्वद टक्के गुंतवणूकदारांना वाटावी लागते, आणि गरज पडल्यास आपला भाग बाजारात विकता येतो. विकण्याची अडचण त्यात कमी आहे. पण भाव मात्र रोज हलतो. ज्याला ही चाल समजते त्यानेच त्या वाटेने जावे.

एक गोष्ट घरातीलही आहे. कर्नाटकात आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. पती मृत्युपत्र न करता वारला तर विधवेला एक तृतीयांश व उरलेले मुलांना समान मिळते. त्यात मुलगा व मुलगी असा भेद नाही. जमीन विकून आलेल्या पैशावरून भावाबहिणींचे बोलणे तुटलेली घरे थोडी नाहीत. मृत्युपत्र वेळेवर करून ठेवणे हीसुद्धा एक गुंतवणूक आहे.

मग घ्यावे की न घ्यावे?

जमीन घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही. राहावयास घर हवे, मुलांसाठी जागा हवी, ही इच्छा रास्त आहे. जे घर आपण राहण्यासाठी बांधतो, त्याचा भाव उतरला तरी छप्पर उतरत नाही. भीती आहे ती राहण्यासाठी नव्हे तर विकण्यासाठी, आणि स्वतःच्या नव्हे तर उसन्या पैशाने घेतलेल्या जमिनीची.

म्हणून सही करण्याच्या आदल्या रात्री घरातील सर्वांनी एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावी. मिळवता हात एक वर्ष थांबला तर हप्ता कोठून येईल? ही जागा दहा वर्षे विकली गेली नाही तर कोणाचे शिक्षण, कोणाचे लग्न, कोणाचे औषध अडेल? आणि भाव एक तृतीयांश उतरला, तर आपण राहते घर अथवा शेत तर गमावणार नाही ना? तिन्ही उत्तरे निर्धास्तपणे लिहिता आली तर खुशाल साईट घ्यावी. एकाही उत्तराला पेन अडखळले, तर थांबावे. चुन्याचे दगड कोठे पळून जात नाहीत; आणि 'उद्या भाव वाढेल, आजच विसार द्या' असे जो सांगतो, त्याला आपल्या उद्याची काळजी नसते, स्वतःच्या दलालीची असते.

१८६५ च्या जुलैमध्ये बुडालेल्या माणसांजवळ बुद्धी कमी नव्हती, माहितीही कमी नव्हती, आणि जमिनीची त्यांची पारखही खोटी नव्हती. त्यांच्याजवळ नव्हता तो केवळ अवधी. आपल्या शेतकऱ्याला पेरणीपासून सुगीपर्यंत वाट पाहण्याची सवय पिढ्यानुपिढ्या आहे. पैशाच्या व्यवहारातही त्याने ती सोडू नये.